दुपारी उतरणारी बॅटरी

त्या दिवशी आभाळ पांढरंफटक होतं. निळं नाही, ढगाळ नाही, राखेनं घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं. वैशाख अर्धा सरला होता. वारा साफ पडला होता आणि टाकळवाडीच्या वेशीवरल्या लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. सकाळी आठलाच पत्र्याला हात लागला तर चटका बसायचा. आड आटून गेले, बोअर नुसती धूळ ओकायला लागले, आणि साऱ्या गावाचे डोळे टँकरच्या वाटेला लागलेले.

अशा सकाळी मुंजाजीनं शेडमधल्या पांढऱ्या व्हॅनचं पुढचं सीट उचललं आणि खाली डोकं घातलं. काम तसं साधंच होतं. गाडीची बॅटरी टिकत नव्हती. संध्याकाळी ढकलून चालू केली, एक चक्कर मारून आणली की बॅटरी टणटणीत. रात्र निघायची, सकाळ निघायची, आणि दुपारनंतर चावी फिरवावी तर नुसतं टिक... टिक. चार दिवस हाच खेळ चालला होता.

मुंजाजीला अक्षराची ओळख नव्हती, पण हातात बावीस वर्षांचं स्टेअरिंग होतं. घाई त्याच्या स्वभावात नव्हती. त्यानं आधी बेल्टवर अंगठा दाबून पाहिला. ताण बरोबर होता. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरी बुरशी चढली होती.

"मुक्ते, अर्धा गिलास पाणी गरम करून दे गं."

"चहाला?" घरातून लेकीनं विचारलं.

"बॅटरीला."

"अंगाला पाणी न्हाई चार दिवस, आन् बॅटरीची आंघोळ!" मुक्ता पोटावर हात धरून, पाय टाकत टाकत गिलास घेऊन आली. "बाबा, मला तरी बॅटरी करा एखाद्या दिवशी."

"तुझ्यासाठीच तर चाललंय, बाई."

ते खरंच होतं. मुक्ताला नववा लागला होता. पहिल्या खेपेला सासरी वाहन मिळालं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेता नेता पोर वाटेतच गेलं, आणि मुक्ताही जाता जाता राहिली. आष्टीच्या डॉक्टरीण बाईंनी या खेपेला बोट रोखून सांगितलं होतं, "कळा लागल्या की त्याच घटकेला निघायचं. अर्धा तास सुद्धा थांबायचं नाही." सरकारी गाडी फोन केला की यायची, पण कधी यायची ते तिचं तिलाच ठाऊक. मुक्ताची आई पाच वर्षांमागं वारलेली. घरात बाप आणि लेक, आणि दारात ही व्हॅन. ती चालू झाली पाहिजे. बाकी सगळं नंतर.

त्यानं खुंट्या धुतल्या, पुसल्या, आवळल्या. इंजिन चालू करून बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीला पेचकस लावला. लोखंडाला लोखंड चिकटलं. म्हणजे चुंबक धरत होता. त्यातले कार्बनचे ब्रश काढून पाहिले, ते निम्मे शिल्लक होते, तरी नवे टाकले. मीटर लावलं तर काटा जिथं उभा राहायला हवा तिथं उभा. चार्जिंग होत होतं. मग भरलेली बॅटरी जायची कुठं?

मुंजाजीच्या नाकाला मात्र एक वास लागला होता. व्हॅनमधे जळकट वास यायचा. रबराचा नाही, वायरचा नाही. चिंधी चुलीच्या कडेला राहून करपावी तसला.

ही व्हॅन कुणाची, ते सांगायला पाहिजे. गावच्या दूध संस्थेची ती ॲम्ब्युलन्स. संस्थेला बरे दिवस होते तेव्हा चेअरमन अर्जुनरावांनी सभासदांसाठी म्हणून आणली, नारळ फोडला, फोटो काढले. मुंजाजी तिचा ड्रायव्हर. पुढं वैरणीवाचून जनावरं गेली, जनावरांमागं दूध गेलं, दुधामागं संस्था गेली. भिंतीवरली पाटी तेवढी राहिली. व्हॅन चिंचेखाली धूळ खात उभी होती. लिलाव पुकारला तेव्हा कुणी पुढं होईना. त्या गाडीत बाई मेलेली आहे, हे सगळ्या तालुक्याला माहीत. मुंजाजीनं ती भंगाराच्या भावात उचलली. लोकांनी विचारलं, "कावून घेतली बे?" त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मऊ माणूस. उभ्या जन्मात कुणाला 'अरे' म्हणाला नव्हता. पण त्या चार दिवसांत त्याच्या पोटात काहीतरी पेटलं होतं. ते उन्हावर निघायचं, टँकरवाल्यावर निघायचं, हातातल्या पान्यावर निघायचं. पाचव्या दिवशी दुपारी बॅटरी पुन्हा बसली, आणि ते शेजारच्या मन्मथप्पावर निघालं.

मन्मथप्पाचं किराणा दुकान शेडला लागून. वीज गेली तरी त्याच्या दुकानात पंखा फिरायचा. मुंजाजी जाऊन फळीपुढं उभा राहिला.

"मन्मथप्पा, खरं सांगा. माझ्या बॅटरीला वायर लावता का न्हाई?"

मन्मथप्पा गूळ तोलत होता. "आं?"

"दुपारी लाईट जाती. तुमचा पंखा फिरतो. माझी बॅटरी उतरती. अंगठाछाप हाय मी, पर एवढं कळतं मला."

"अवो मुंजाभाऊ, पंखा इन्व्हर्टरवर हाय. तुमच्या बॅटरीला जोडला तर पंखाच उतरून तिला वारा घालीत बसंल."

गिऱ्हाईकं हसली. आणि मुंजाजीनं फळीवर मूठ आपटली. तागडीचं पारडं उडालं, गूळ घरंगळत गेला.

"हसू नका! माझी पोर हाय घरात! ह्या खेपेला काय झालं तर... तर एकेकाला..."

असला मुंजाजी गावानं पाहिला नव्हता. मन्मथप्पाची बायको नीलाबाई आतून तांब्या घेऊन आली.

"भाऊ, आधी पाणी प्या. मग दुकानाची झडती घ्या. माळ्यावर चढून बघा, मी शिडी धरते."

तो पाणी न पिताच मागं वळला. आपल्याला राग मन्मथप्पाचा आलेला नाही, हे त्याला आत कुठंतरी कळत होतं. पण मग कुणाचा, हे विचारायला तो स्वतःपाशी थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, शेडमधे लपून बसायचं आणि चोराला हातोहात धरायचं. आजवर सगळी तपासणी त्यानं सकाळी नाहीतर दिवस कलल्यावर केली होती. बारा ते तीन त्या पत्र्याखाली कोण बसणार? कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं. म्हणूनच तर बॅटरी दुपारची उतरताना कुणी पाहिली नव्हती.

त्यानं साधा इलाज केला. बॅटरीची एक वायर सोडवली आणि खुंटी व वायर यांच्या मधे एक छोटा बल्ब जोडला. गाडीत कुठं चोरून करंट जात असेल तर बल्ब पेटणार. नसेल तर विझलेला राहणार. मग शेडचं दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरच्या बाजूला, उचललेल्या सीटपाशी, पोत्यावर टेकून बसला.

बाहेर पांढरा जाळ आणि आत अंधार. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्यातून उन्हाच्या सळया उतरल्या होत्या. पत्रा तापून मधूनच कट्... कट् करायचा. घामाचा थेंब नाकावरून खाली पडेपर्यंत सुकायचा. बल्ब विझलेला. मुंजाजी बसला होता. बसणं त्याला जमायचं.

ग्रामपंचायतीच्या भोंग्यानं बाराचा आवाज दिला.

पत्र्याची कटकट थांबली. शेजारच्या दुकानातला रेडिओ चालू होता, तोही जणू लांब गेला. आणि बल्बची तार आधी तांबूस झाली... मग पिवळी... मग बल्ब लख्ख पेटला.

मुंजाजीनं श्वास धरून चारी बाजूंना पाहिलं. कुणी नाही. वायर नाही, चिमटा नाही, माणूस नाही. तो जागचा उठला नाही. सावकाश हात घालून एकेक फ्यूज काढायला लागला. हेडलाईटचा काढला. बल्ब पेटलेला. वायपरचा, हॉर्नचा, आतल्या दिव्याचा. पेटलेला. अल्टरनेटरची वायर उपटली. पेटलेला. आता गाडीत करंट जायला वाटच उरली नव्हती.

एक उरली होती. फ्यूज नसलेली, बॅटरीवरून थेट गेलेली. पहिल्या दिवसापासून ती त्याला दिसत होती. चार दिवस त्यानं सगळं तपासलं आणि तिच्यावरून हात फिरवून पुढं गेला. ही तर बंदच आहे, असं म्हणून.

तेवढ्यात मागं पाणी हिंदकळलं.

डुब्... डुब्. भरलेल्या ड्रममधलं पाणी गाडी खड्ड्यात गेल्यावर हिंदकळतं, तसं. गाडी तर जागची हलली नव्हती, आणि आठ दिवसांत त्या शेडमधे घागरभर पाणी आलं नव्हतं. पण पाण्याचा वास आला. ओला, गार, लोखंडी वास. आणि त्या वासात मिसळलेला तो दुसरा, करपलेल्या चिंधीचा.

मुंजाजीला सगळं कळलं होतं.

तीन वर्षांमागचा उन्हाळा. माळावर जनावरांची छावणी लागली होती. चालवायची दूध संस्था, म्हणजे अर्जुनराव. गंगासागर नावाची बाई तिथं दोन बैल घेऊन राहिलेली. नवरा लांबच्या कारखान्याला ऊस तोडायला गेलेला. दुपारी बाराला वैरणीच्या गंजीत हात घातला आणि नागानं धरलं. मुंजाजीनं दहा मिनिटांत तिला व्हॅनमधे आडवं केलं. मागचा भाग आणि ड्रायव्हर यांच्या मधे फळी होती, काचेचा एक तुकडा तेवढा बसवलेला, तोही धुळीनं आंधळा. म्हणून पेशंटच्या उशाशी एक पांढरं बटण होतं. ते दाबलं की पुढं डॅशबोर्डखाली घंटी वाजायची.

निघणार तोच अर्जुनराव आले. बरोबर दोन रिकामे ड्रम.

"ठेव मागं."

"मालक, पेशंट हाय."

"पेशंट हाय म्हणूनच बे. इहिरीवर टँकरची लाईन लागलीय. ॲम्ब्युलन्स बघून समदे वाट देतेत. आत माणूस दिसला की कुणी तोंड उघडणार न्हाई. आधी इहीर, मग बाग, मग आष्टी. मोसंबी जळाया लागलीय माझी."

"मालक, बाईला इख चढतंय..."

"धा मिनटाचं काम हाय. चल."

आणि मुंजाजी गेला. विहिरीवर खरंच सगळ्यांनी वाट दिली. ड्रम भरले, बाईच्या अंगाला खेटून ठेवले. तिची जीभ जड झाली होती, बोलता येत नव्हतं. बोलता येत नव्हतं म्हणून ती घंटी वाजवत होती. विहिरीपासून बागेपर्यंत ती घंटी थांबली नाही. एकसारखी. रागानं वाजल्यासारखी. शेजारी बसलेले अर्जुनराव वैतागले, "ती कटकट बंद कर बे." मुंजाजीनं एका हातानं स्टेअरिंग धरलं, दुसऱ्या हातानं काच पुसायचं फडकं घेतलं, आणि डॅशबोर्डखाली घंटीच्या तोंडात कोंबलं. घट्ट.

मग गाडीत नुसता पाण्याचा आवाज राहिला. डुब्... डुब्.

आष्टीला डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासापूर्वी आणली असती तर. तिचा अंगठा बटणावरून सोडवायला दोन माणसं लागली. पुढं चौकशीचा कागद आला. गाडी सरळ दवाखान्यात नेली, असं त्यावर लिहिलेलं. मुंजाजीला वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. अर्जुनरावांनी शाईचा डबा पुढं केला. त्यानं अंगठा दिला.

शेडमधे बल्ब जळत होता. मुंजाजी उठला. तो फिरून मागं गेला आणि बाजूचं दार सरकवलं. आत काही नव्हतं. ड्रम नव्हते. मधल्या काळात कुणीतरी स्ट्रेचरसुद्धा काढून नेलेलं. पत्र्यावर ते पांढरं बटण होतं.

ते आत गेलेलं होतं. दाबून धरलेलं.

त्यानं नखानं ओढून पाहिलं. निघालं नाही. त्याच्या बोटाला बटणाचं प्लास्टिक लागलं नाही. वर काहीतरी होतं... गार, ताठ. त्या भट्टीत सुद्धा गार. त्यानं हात मागं घेतला.

दुसऱ्या हातात पक्कड होती. वायर समोर लोंबत होती. एक कट, आणि काम संपलं. बॅटरी टिकली असती, लेकीची सोय झाली असती. कुठलाही मिस्तरी हेच करील. त्यानं पक्कड वायरला लावली.

आणि इतक्या दिवसांचा राग वर आला. तो कुणावर आहे ते आता कळत होतं, म्हणून जास्तच.

"काय करू मी?" तो दबक्या आवाजात ओरडला. "न्हाई म्हणाया पाह्यजे व्हतं. म्हणलो न्हाई. गाडी फिरवाया पाह्यजे व्हती. न्हाई फिरवली. माझ्या हातात व्हतं, बाई... त्याच्या न्हाई, माझ्या हातात व्हतं स्टेअरिंग!"

बटण तसंच.

मुंजाजीनं पक्कड टाकून दिली. पुढं आला, डॅशबोर्डखाली हात घातला, आणि घंटीच्या तोंडातलं फडकं ओढलं. ते गरम होतं, कडेनं करपून काळं पडलेलं. तीन वर्षांचं फडकं. ओढता ओढता फाटलं, पण सगळं निघालं.

घंटी वाजली.

असा आवाज त्या शेडनं कधी ऐकला नसेल. पत्रे थरारले. रस्त्यावरून कुणीतरी "काय झालं? काय झालं?" म्हणून ओरडलं. मुक्ता धावत दाराशी आली.

"बाबा! कावून वाजवताय? बंद करा, पोटातलं पोर दचकलं माझं!"

"वाजू दे," मुंजाजी म्हणाला. "वाजू दे तिला."

तो डॅशबोर्डपाशी डोकं टेकून बसला आणि ऐकत राहिला. कान दुखेपर्यंत. किती वेळ, ते त्यानं मोजलं नाही. मग घंटी एकदम थांबली. बटण टक् करून बाहेर आलं. बल्ब विझला.

त्यानं वायर तोडली नाही. फ्यूज परत बसवले, अल्टरनेटर जोडला, बॅटरी आवळली. संध्याकाळी गाडी फिरवून आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला घंटी एकदाच, अगदी थोडी वाजली. मागं कुणी आहे का, असं विचारल्यासारखी. तीनला चावी फिरवली तर गाडी एका झटक्यात चालू. मन्मथप्पा दुकानातून हात जोडून म्हणाला, "झाली का दुरुस्त? आता माझा पंखा लावू का?" मुंजाजीनं त्याची माफी मागितली, तर तो म्हणाला, "माफी ऱ्हाऊ द्या, गूळ तेवढा धुऊन द्या." आणि तो मुद्दामच मोठ्यानं हसला.

तिसऱ्या दिवशी अकराच्या पुढं मुक्ताला कळा लागल्या.

मुंजाजीनं घोंगडी टाकून तिला व्हॅनमधे मागं निजवलं. घरात बाईमाणूस नाही. नीलाबाईनं दुकानाची फळी तशीच सोडली, तांब्या उचलला, पदर खोचला आणि मागं चढली.

"भाऊ, तुमी फकस्त म्होरली वाट बघा. मागलं मी बघते."

वाट बघणं अवघड होतं. रस्ता फुफाट्यात बुडालेला. फळीमागून लेकीचं कण्हणं यायचं, नीलाबाईचं पुटपुटणं यायचं, "श्वास घे गं बाई, श्वास घे." विहिरीच्या वळणावर मुंजाजीनं ब्रेक दाबला. एक टँकर पार आडवा लागलेला. माणसं, घागरी, आरडाओरड. आणि मधे पांढऱ्या टोपीत अर्जुनराव. संस्था गेली, पण टँकरचं काम त्यांच्याकडं आलं होतं. लोक अजून चेअरमनच म्हणायचे.

"मालक, गाडी मागं घ्यायला सांगा. पोर अडलीय माझी."

अर्जुनराव खिडकीपाशी आले. घाम पुसत हसले. "मुंजा व्हय! बाळंतपण म्हणजे काय लगेच व्हतंय का बे? पाच मिनटं दम धर. टँकर भरत आलाय."

जुनी सवय मुंजाजीच्या जिभेवर आली होती, 'बरं मालक' म्हणायची. तेवढ्यात डॅशबोर्डखाली घंटी वाजली. एकसारखी, रागानं. बाहेरच्या गलक्यातसुद्धा ऐकू जाईल अशी.

अर्जुनरावांचं हसू तिथल्या तिथं वाळलं. ते एक पाऊल मागं सरले.

"ती... ती घंटी अजून चालू हाय?"

"हाय," मुंजाजी म्हणाला. "आता बंद न्हाई व्हायची. टँकर काढा, मालक. न्हाईतर मी गाडी तशीच घालतो."

त्याचा आवाज मोठा नव्हता. पण अर्जुनरावांनी वळून हात हलवला, "काढ रे... काढ, काढ!" टँकर गुरगुरत मागं झाला. मुंजाजी निघाला तो थेट आष्टीला. वाटेत तो एवढंच म्हणत होता, "ऐकतोय बाई... ऐकतोय." घंटी दवाखान्याच्या फाटकाशी थांबली.

चारच्या सुमाराला मुलगी झाली. डॉक्टरीण बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "वेळेवर आणलीत हो बाबा. नाळ गळ्याभोवती होती. अजून थोडा उशीर झाला असता तर..." मुंजाजी भिंतीला धरून खाली बसला.

कपडे, भांडी, भाकरी आणायला तो एकटाच माघारी निघाला. मुक्तापाशी नीलाबाई राहिली. ऊन अजून होतं. साऱ्या काळ्याभोर, फाटक्या रानात अर्जुनरावांची मोसंबीची बाग तेवढी हिरवी, डोळ्यात खुपेल अशी. बागेच्या वळणावर गाडी आली आणि घंटी एकदा वाजली. छोटी.

इंजिन आपोआप बंद पडलं. चार्जिंगचा लाल दिवा पेटला... आणि तोही विझला. मुंजाजीनं चावी फिरवली. टिक सुद्धा झालं नाही. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पाहायला फळी होती, आणि नसती तरी त्यानं पाहिलं नसतं. मागं दार सरकल्याचा आवाज आला. सावकाश. मग पायाखाली वाळकी पानं चुरडल्यासारखा... मग काही नाही.

दार त्यानं खाली उतरून लावलं. चावी फिरवली, गाडी एका झटक्यात चालू झाली. खटका ढिला झाला असेल, त्यानं स्वतःला समजावलं. उद्या बघू.

सकाळी तो भाकरी घेऊन दवाखान्यात गेला. नीलाबाई व्हरांड्यात बाळाची दुपटी वाळत घालत होती. रात्रभर जागून तिचे डोळे लाल झाले होते, पण ती खुशीत होती. नात बापावर गेलीय, नाक मुंजाजीचं घेतलंय, असं काय काय सांगत होती. मग हातातलं दुपटं झटकून म्हणाली, "भाऊ, एक इचारायचं ऱ्हायलं. काल मागं आमच्यासंगं बसली व्हती ती बाई कोण वो? मला वाटलं मुक्ताच्या सासरची आसंल. लई धीर दिला पोरीला. जीभ जड व्हती तिची, नीट बोलता येत न्हवतं, पर सारी वाट एका हातानं पोरीचा हात धरला आन् इहिरीपासनं दुसऱ्या हाताचा अंगठा त्या बटणावर. मी इचारलं, बाई, तुमी कुठं उतरणार? तर अडखळत म्हणली, आधी पोरीला पोचवू द्या. मी येताना उतरते, चेअरमनच्या बागंपाशी... तिथलं उरकलं की मग डायवरकडं येते, त्याचं बी ऱ्हायलंय."